उंबऱ्याचा शेंदूर

हेमचंद्र प्रधानांना आताशा कशाचाच राग येत नसे, आणि हे काही चांगलं लक्षण नव्हतं. पूर्वी येत असे. संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नवे होते तेव्हा एखाद्या कंत्राटदाराने चाचणीचे आकडे फुगवले की त्यांना जेवण गोड लागत नसे. आता निवृत्ती तोंडावर आली होती. बदलापूरच्या घरातून निघताना मालिनीताईंनी विचारलं, "आजची शेवटचीच ना हो?" तर ते नुसतं "हं" म्हणाले आणि बुटाची नाडी बांधायला वाकले ते थोडा वेळ तसेच वाकून राहिले.

शेवटची म्हणजे रबराच्या पट्टीची चाचणी. युद्धनौकेवरच्या दारांना कडेने रबराची पट्टी बसवलेली असते. दार लावलं की ती चौकटीवर दाबली जाते आणि पलीकडचं पाणी अलीकडे येत नाही. पण जहाजाला आग लागली तर हे रबर भाजून ताठरतं, आणि आगीमागून पाणी शिरलं तर दार असून नसल्यासारखं. तेव्हा भाजल्यावरही मऊ राहील असं रबर शोधण्याचं काम सरकारने अंबरनाथ पूर्वेच्या एमआयडीसीतल्या धर्मेश भोईरच्या छोट्या कारखान्याला दिलं होतं. पैसा सरकारचा, डोकं धर्मेशचं, आणि त्या पैशाचं चीज होतंय की नाही ते बघायला एक समिती.

समिती बघत असे म्हणजे काय, तर पडद्यावरचे रंगीत आलेख बघत असे, चहा घेत असे आणि 'प्रगती समाधानकारक' असं लिहून उठत असे. लिहायचं काम हेमचंद्रांचं, कारण तांत्रिक निरीक्षक ते. 'समाधानकारक' हा शब्द त्यांनी आयुष्यात इतक्यांदा लिहिला होता की कागद समोर आला की पेन आपणहून तिकडेच वळे. कुणी लबाडी करत होतं असं नाही. सगळे भले लोक होते, आणि सगळ्यांना घरी जायची घाई होती.

धर्मेश तर भल्यातला भला. चामटोलीच्या शेतकरी घरातला पोरगा, रिक्षांचे रबरी भाग बनवता बनवता या कामात पडला आणि पार बुडूनच गेला. रिक्षांची गिऱ्हाइकं त्याने एकेक करून सोडली. भट्टीपाशी उभा राहून राहून त्याच्या भुवया कायमच्या विरळ झाल्या होत्या. आज पट्टी पास झाली तर जहाजांसाठी माल बनवायची ऑर्डर त्यालाच मिळणार होती, आणि हेमचंद्रांची शेवटची फाइल मिटून त्यांचे पेन्शनचे कागद मोकळे होणार होते. नापास झाली तर? तर आधीच्या प्रत्येक 'समाधानकारक'खाली कुणाची सही आहे, हे कुणीतरी विचारणार होतं.

कारखान्यात समितीचे अध्यक्ष सुजित आधीच येऊन बसले होते. वयाने हेमचंद्रांच्या मुलासारखे, पण हुद्द्याने वर. "प्रधानसर, मार्चअखेर आहे," ते हसून म्हणाले. "आज उरकूनच टाकू."

चाचणीसाठी धर्मेशने जहाजावरचं असतं तसंच एक लोखंडी दार चौकटीसकट उभं केलं होतं, आणि त्यामागे पाण्याची टाकी. भट्टीतून भाजून निघालेली पट्टी कामगारांनी दाराच्या खाचेत बसवली. मग नेहमीप्रमाणे सगळे थांबले. धर्मेशची आई वेणूबाई ताट घेऊन पुढे आली.

हा तिथला रिवाजच होता. पहिल्या चाचणीच्या वेळी वेणूबाई म्हणाली होती, "दार हाय ना ते? मंग दाराचा उंबरा पुजल्याबिगर कसं चालंल?" जहाजाच्या दाराला खरोखरच उंबरा असतो, चांगला वीतभर उंच, त्यामुळे कुणाला नाही म्हणवेना. लोखंडावर कोरडं हळदकुंकू टिकेना, म्हणून तिने तेलात शेंदूर घट्ट कालवायला सुरुवात केली. आणि नुसत्या उंबऱ्याला लावून तिचं समाधान होईना, म्हणून चौकटीच्या कडेने चारी बाजूंनी बोट फिरवायची. बोट फिरवताना पुटपुटायची, "याच्या आड ज्याची कुणाची पोरं असतील त्यांना सांबाल." समितीतले पदवीधर बूट काढून, हात जोडून उभे राहायचे. हेमचंद्रही.

आजही तसंच बोट फिरलं आणि दार लागलं. टाकीत पाणी चढलं, दाब वाढवला, ठरलेला वेळ सगळे दाराकडे डोळे लावून बसले. थेंबही आला नाही. कामगारांनी टाळ्या वाजवल्या, धर्मेशने आईच्या पायाला हात लावला. पाणी काढून दार उघडलं गेलं आणि मंडळी आतल्या खोलीत गेली. उल्हासनगरहून दाल-पकवान मागवलं होतं, त्याचा वास सुटला होता.

हेमचंद्रांचा गुडघा धरला होता म्हणून ते तिथेच दारापाशी स्टूल ओढून बसले. समोर उघड्या दारावरची पट्टी होती आणि तिच्यावर चौकटीच्या कडेची तांबडी रेघ उमटली होती. ते उगाच त्या रेघेकडे बघत राहिले. वरून खाली सगळीकडे ती बारीक होती, आणि खालच्या कोपऱ्यात मात्र जाड. चांगली बोटभर लांब आणि जाड, घट्ट दाबून भरल्यासारखी. त्यांनी नखाने खरवडून बघितलं. रबर तिथे कडेला टेकलंच नव्हतं. मधली फट शेंदराने भरली होती.

नळाचे जुने कारागीर सांध्याला तेलात कालवलेला शेंदूर लावत, हे त्यांना माहीत होतं. पाणी अडवायला त्यासारखं दुसरं काही नाही. आणि तोच शेंदूर दर चाचणीला त्यांच्या डोळ्यांदेखत लावला जात होता, अन् ते हात जोडून उभे होते!

त्यांना धक्का बसायला हवा होता. बसला नाही. नुसता एक थकवा आला. उठून आत जावं, दाल-पकवान खावं, सही करावी. कुणाला कळणार होतं?

पण ते आत गेले आणि बोलले. आवाज अगदीच बारीक निघाला. धर्मेशला आधी कळेचना, मग त्याचा चेहरा उतरला. "साहेब, माझ्या आयेवर संशय घेताय?"

"संशय नाही रे. शेंदराने पाणी अडवलंय, एवढंच म्हणतोय."

सुजितनी हात पुसले. "सर, पूजा तर पहिल्यापासून आहे. चाचणीच्या नियमात पूजेला मनाई कुठे आहे?" मग थोडा विचार करून म्हणाले, "हवं तर अहवालात 'कडेला लेप लावावा' अशी एक ओळ घालू. उलट संशोधनात भरच पडेल."

"आग लागल्यावर, दार लावायच्या आधी, ताट घेऊन वेणूबाई जहाजावर येणार आहेत का?"

सुजित खुर्ची ओढून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सर, आधीच्या सगळ्या चाचण्यांवर तुमची सही आहे. मी तुमच्या भल्याचंच सांगतोय. पुन्हा विचार करा." आणि त्यांनी अहवालाचा कागद हेमचंद्रांपुढे सरकवला.

हेमचंद्रांनी विचार केला. खरं म्हणजे विचार असा काही केलाच नाही. धर्मेशच्या विरळ भुवया दिसल्या, मालिनीताईंचं 'शेवटचीच ना' आठवलं. बोलायचं ते आपण बोललो, ऐकणाऱ्यांनी ऐकलं नाही, आता आपला काय दोष, असं काहीसं मनात आलं आणि बरं वाटलं. त्यांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं.

तेवढ्यात बाहेर कसलासा आवाज झाला. सगळे उठून बघायला गेले.

आतलं सगळं बोलणं ऐकलेली वेणूबाई चौकटीपाशी खाली बसली होती. शेजारी पेट्रोलचा डबा, हातात चिंधी. कोपरा न् कोपरा घासून ती शेंदूर पुसत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दाराच्या पट्टीवरची रेघ तिने आधीच पुसून काढली होती.

"आये, काय करतेस!" धर्मेश ओरडला.

"दार लाव," ती म्हणाली. "पानी सोड."

"आये, आपला कारखाना जाईल."

"दार लाव म्हनते ना!"

त्याने दार लावलं. पाणी चढलं. दाब अजून अर्ध्यावरही आला नव्हता तोच खालच्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार निघाली आणि उंबऱ्यावरून फरशीवर आली. धर्मेश त्या धारेकडे बघत उभा राहिला. सुजितनी फोन काढला आणि ते बोलत बोलत गाडीकडे निघून गेले.

हेमचंद्रांनी स्टुलावर बसून अहवाल लिहिला. 'पट्टी पाणी अडवत नाही. आधीच्या चाचण्यांचे निकाल ग्राह्य धरू नयेत. त्यांची जबाबदारी माझी.' धर्मेशविषयीही लिहिलं, की माणूस प्रामाणिक आहे, खालचा कोपरा सोडला तर पट्टी बहुतेक जमली आहे, त्याला आणखी मुदत द्यावी. मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. धर्मेशलाही ठाऊक होतं. तो भिंतीला पाठ टेकून बसला होता आणि त्याने एकदाही वर बघितलं नाही.

हेमचंद्र जायला उठले तर वेणूबाई वाटेत उभी. हातांना अजून पेट्रोलचा वास.

"साहेब, एक इचारू? मी पुसलं नसतं तं तुमी काय केलं असतं?"

काहीतरी बोलून वेळ मारून नेणं त्यांना सहज जमलं असतं. इतकी वर्षं तेच तर केलं होतं.

"सही करून घरी गेलो असतो," ते म्हणाले.

तिने मान हलवली. जणू तिला ते ठाऊकच होतं. ताटात सकाळचा एक पेढा उरला होता, तो तिने त्यांच्या हातावर ठेवला.

"खावा," ती म्हणाली. "सकालपासून तुमी काय खाल्लं नाय."

हेमचंद्रांनी तो तिथेच उभ्या उभ्या खाल्ला.