डालीवरचा दगड

धनसिंग मडावीच्या कोंबड्यांवर टपलेले काय कमी होते! दिवसा घार, तिन्हीसांजेला मुंगूस, पहाटे कोल्हा. घर रानाला खेटून, मग दुसरं काय होणार? म्हणून सांज झाली की त्याची बायको मंगली कोंबड्या पडवीत गोळा करायची, बांबूची मोठी डाल त्यांच्यावर उपडी घालायची आणि वर एक चपटा काळा दगड ठेवायची. त्या दगडाच्या जिवावर घरदार निवांत झोपायचं.

एका सकाळी पाहते तर डाल कलंडलेली, पडवीभर पिसं, आणि सहाच्या सहा कोंबड्या गायब. त्यांतली लाल तर अंड्यांवर बसलेली होती. मंगलीनं टाहो फोडला.

"कोल्ह्यानं नेल्या वो माय!"

धनसिंग डोळे चोळत बाहेर आला. आदल्या दिवशी तो आमगावच्या बाजाराला गेला होता, येताना पोटभर मोहाची चढवली होती. डोकं जड, उजवा खांदा ठणकत होता. मिठाच्या गोणीनं दुखला असेल, म्हणाला. मग त्याचं लक्ष गेलं. डालीवरचा दगड कुठंच नव्हता.

"कोल्ह्यानं?" तो ओरडला. "आन् दगड? कोल्हा काय दगड डोक्यावर घेऊन गेला?"

जमलेली माणसं खो खो हसली. धनसिंगला ते असं आवडलं, की पठ्ठ्यानं तेच तीनदा म्हणून दाखवलं. दगड माणसानंच नेला हे ठरलं. मग माणूस कोण? सांजेला पडवीत आली होती एकटी वच्छला.

वच्छला शेजारची विधवा. तिचा नवरा धनसिंगचा जिवाभावाचा दोस्त होता, म्हणून तो तिला वयनी म्हणायचा. ती रोज सकाळ-सांज खापर घेऊन इस्तो न्यायला यायची, आणि चुलीतला रसरशीत विस्तव धनसिंग स्वतः निवडून तिच्या खापरात टाकायचा.

"वयनी, खरं सांग," तो चारचौघांत म्हणाला.

"मी कायले नेऊ गा? माह्या घरी कोंबडीचं एक पीस तरी सापडते काय, पाय ना."

पाहिलं. सापडलं नाही. तरी गावचा म्हातारा पंच सुकराम म्हणाला, "कबूल करत नाही तवर हिले कोनी इस्तो देऊ नोका."

आता चकमक झाडून विस्तव कोणालाही काढता येतो. पण शेजारच्या चुलीतला विस्तव बंद झाला, म्हणजे गावानं तुमचं नाव पुसलं. वच्छलानं चकमकीला हात लावला नाही. "मी चोर नाही. चूल पेटन तं धनसिंगच्याच इस्त्यानं पेटन," एवढं बोलली आणि घरात गेली. चार दिवस तिच्या छपरातून धूर निघाला नाही. बाई भिजवलेले चणे खाऊन राहिली. मंगली कुरकुरायची, "पाप लागन आपल्याले." धनसिंग गुरगुरायचा, "कबूल कराले काय जाते तिचं?"

पाचव्या दिवशी तो नाल्याकडे गेला. तिथं पळसाच्या झुडपात त्यानं मोह भिजत घातलेलं मडकं पुरलं होतं. आबकारीच्या शिपायाच्या भीतीनं मंगलीलाही सांगितलं नव्हतं. पालापाचोळा बाजूला केला आणि हात जागच्या जागी थांबले.

मडक्याच्या तोंडावर काळा चपटा दगड. त्यावर कोंबडीची वाळलेली शीट.

मग सगळं आठवलं. बाजारच्या वाटेवर कोणीतरी म्हणालं होतं, नाल्याकडे रानडुकरं उकरून राहिली. तो झिंगत घरी आला, मंगली आत भात रांधत होती, त्यानं डालीवरचा दगड खांद्यावर घेतला आणि तसाच इकडे. खांदा उगाच ठणकत नव्हता!

 लाजेनं कानशिलं तापली. चार दिवस अर्धपोटी बाई, आणि आपण तिच्या दारावरून मिशीला पीळ देत जातो! दगड नाल्यात ढकलला तर? कोणाला कळणार होतं? त्यानं तो उचललाही. मग वच्छलाचं ते "पाय ना" कानात वाजलं, आणि स्वतःची त्याला किळस आली.

भर दुपारी, मोह वेचून बाया परतत होत्या त्या वेळी, धनसिंग डोक्यावर दगड घेऊन गावात शिरला.

"काऊन गा, कोल्हा झाला काय?" सुकराम हसत बोलला. धनसिंगचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं.

वच्छलाच्या दारात त्यानं दगड उतरवला. "वयनी, मीच नेलता. दारूच्या मडक्यावर ठेवाले. पेलो होतो, ध्यानात नाही राहिलं. कोंबड्या कोल्ह्यानंच खाल्ल्या." सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्यानं तो बोलला. मान मात्र वर झाली नाही.

वच्छला दारात आली.

"हा माह्या दारात कायले?" ती म्हणाली. "तुह्या डालीवर ठेव. कोल्हा रोज येते."

तो धावत घरी गेला, चुलीतला सगळ्यात मोठा विस्तव खापरात घेऊन आला. खापर तापलं, बोटं पोळली, तरी तसाच धरून उभा राहिला. वच्छलानं हात पुढं केला नाही.

"मंगलीच्या हातानं घेईन," ती म्हणाली.

मंगलीनं दिला. सांजेला वच्छलाच्या छपरातून धूर निघाला, सुकराम स्वतः जाऊन माफी मागून आला, आणि गावाच्या लेखी गोष्ट मिटली.

दुसऱ्या सकाळपासून वच्छला पुन्हा खापर घेऊन येऊ लागली. धनसिंग चुलीपाशीच बसलेला असायचा. ती पडवीतूनच विचारायची, "मंगली हाये काय?" मंगली पाण्याला गेलेली असली, तर ती रिकामं खापर धरून बाहेर उन्हात थांबायची. तो आत मान खाली घालून बसायचा, आणि चूल त्याच्यासमोर रसरसत असायची.