कपाळावरचा चष्मा

"वहिनी, माझी ही भुवई काहीतरी विचारतेय गं," आरशात बघत नणंद पुटपुटली. "म्हणजे... छानच झालीय. पण सारखी वर होऊन विचारतेय."

"नवी फॅशन आहे ती," वहिनीने ठणकावलं.

वहिनीचं पार्लर दोन खुर्च्यांचं, पण हात असा हलका की बायका खुर्चीत डुलक्या काढत. लांबचं कमी दिसायचं म्हणून तिला चष्मा होता. भुवया करताना तो कपाळावर सरकवायची आणि उघड्या डोळ्यांनी एकेक केस टिपायची. मग समोर नवं पार्लर उघडलं. तिथल्या पोरी कशा टवटवीत! चष्मेवालीकडे आता कोण येणार, असं वहिनीच्या मनाने घेतलं आणि तिने लेन्स लावल्या. समोरच्या पार्लरची पाटी लख्ख दिसू लागली. हाताखालची भुवई मात्र पुसट झाली! चष्मा कपाळावर सरकवता येतो, लेन्स कुठे सरकवणार?

गिऱ्हाइकं "मस्त!" म्हणून उठायची आणि पुन्हा फिरकायची नाहीत. घरी नवरा न सांगता सुईत दोरा ओवून ठेवायचा. बोलत कुणीच नव्हतं. अशा गप्प बसण्याला आपण सभ्यपणा म्हणतो.

"थांब, जरा सारखी करते," म्हणत वहिनीने कात्री घेतली आणि टोक पापणीवर लागलं. रक्ताचा ठिपका आला. नणंदेने तो पुसला, पर्स उचलली. "चल, लेन्सवाल्या बाईंकडे. टोचतात म्हणून सांग हवं तर."

बाईंनी लेन्स तपासल्या. "बसल्यात तर छान. लेन्स घेताना तुम्ही म्हणालात, घरीच असते, वय छत्तीस." त्यांची नजर नणंदेच्या भुवईवर गेली आणि तिथेच थांबली. "हेही घरीच केलंत?"

"पार्लर आहे माझं," वहिनी पुटपुटली.

"अहो, गाडी चालवणाऱ्याला रस्ता दिसायला हवा, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला बारीक चाकं, शिक्षिकेला फळाही आणि वहीही. लेन्स मी काम बघून देते. तुम्ही मला दुसऱ्याच बाईचं काम नि वय सांगितलंत. मी त्या बाईला लेन्स दिल्या!"

मग त्यांनी एका डोळ्यात लांबची लेन्स तशीच ठेवली, दुसऱ्यात जवळचं दिसेल अशी घालून पाहिली. "काही दिवस डोळे कुरकुरतील. नाहीच जमलं तर दुसरा प्रकार बघू. तोवर कात्रीला हात लावायचा नाही."

वहिनीने डोळे मिचकावले, नणंदेकडे पाहिलं आणि ती किंचाळलीच. "अगं बाई! हे मी केलं? आणि तू बोलली नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"आणि तुझा डोळा गेला असता म्हणजे?"

दोघी एकदम हसत सुटल्या. नणंदेची भुवई तेवढी अजून विचारतच होती.

वाचकहो, लपवल्याने वय काही कमी होत नाही. पण आपल्यासमोर विश्वासाने डोळे मिटून बसलेलं माणूस त्यात नाहक जखमी होतं. आणि ज्यांना दिसतं ते मायेपोटी गप्प बसले, तर त्यांचाही हात त्या कात्रीवर असतो.

"मग, वय छत्तीसच धरू ना?" बाईंनी विचारलं.



"सत्तेचाळीस. चाळिशी लागलीय हो मला, बाई. कधीचीच!"