अठ्ठ्याण्णवचा आकडा

मी एक जुना डोळेमापक आहे. एक सरकती दांडी आणि तिच्या दोन टोकांना दोन चिमुकले आरसे, एवढाच माझा संसार. डोळ्यांच्या खोबणींच्या बाहेरच्या हाडांवर मला टेकवलं, की डोळा किती मिलिमीटर पुढे आलाय ते माझ्या आरशात दिसतं. पण मित्रांनो, प्रत्येक चेहऱ्याची रुंदी वेगळी. तिचा आकडा कार्डावर लिहायचा आणि पुढच्या वेळी मला तेवढंच उघडायचं. हे चुकलं तर मी खोटं बोलतो. मला ते कळतं, पण थांबता येत नाही.

पूर्व आइसलंडमधल्या आमच्या दवाखान्यात डोळ्यांचा डॉक्टर महिन्यातून दोनदा विमानाने येतो. मासळीच्या कारखान्यातल्या हाफ्दिसचा डावा डोळा हिवाळ्याच्या तोंडाशी सुजला, ठणकू लागला, पुढे आला. रक्त तपासलं, स्कॅन केला, खोबणीतला इवलासा तुकडाही काढून पाहिला. कर्करोग नव्हता, आतला दाह होता. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी डोळा मागे सरकला. पुढे माझ्याच आकड्यांवर गोळ्या कमी होत गेल्या.

हाफ्दिस पुन्हा तपासणीला आली, त्या दुपारी वारा चढत होता.

"ओर्वार, आधी कार्ड बघ," नर्स स्टेनुन डॉक्टरला म्हणाली.

"वैमानिकाचे दोन फोन येऊन गेले, बाई! आज इथेच अडकवतेस का मला?"

हाफ्दिसच्या आधी येऊन गेलेल्या बारीक चेहऱ्याच्या आजीसाठी मी चौऱ्याण्णववर उघडलेला होतो. त्याने मला तसंच हाफ्दिसच्या चेहऱ्यावर टेकवलं.

"वीस. मागच्याइतकंच, आठवतंय मला. गोळी अर्ध्यावर आण, हाफ्दिस."

"बरं. ठणकतो थोडा, पण चालायचंच."

तो गेला. हाफ्दिस कोट चढवता चढवता हसली. "एक गंमत सांगू? दुखऱ्या डोळ्याला सवय राहावी म्हणून मी चांगला मिटून विणते. तर हे पिशवीतलं लाल सूत चक्क विटकरी दिसतं!"

स्टेनुन हसली नाही. "पुन्हा मीट. आता?"

"विटकरी. राखेत लोळवल्यासारखं."

"बस खाली."

तिने कार्ड काढलं. अठ्ठ्याण्णव. मला तेवढं उघडून टेकवलं. तेवीस! सूज परतली होती, आणि डोळ्यामागची नस आवळली जात होती; लाल रंग विटकरी दिसत होता तो त्यामुळेच.

स्टेनुनने विमानतळावर फोन लावला. "विमानाचं दार लावू नका. ओर्वारला म्हणावं, तुझ्या शेजारी हाफ्दिस बसणार आहे. शिरेतून औषध आजच सुरू व्हायला हवं."

तीन दिवस औषध चाललं. वसंतात ती आली तेव्हा ओर्वारने आधी कार्ड वाचलं, मग मला उचललं. वीस. त्याने तिच्यासमोर लाल सूत धरलं.

"लाल?"

तिने चांगला डोळा मिटून पाहिलं. "जवळजवळ."

मित्रांनो, माझे आरसे पुसायला विसरलात तरी चालेल. पण मला हातात घेण्याआधी कार्ड वाचा. आज ओर्वारच्या जागी नवा डॉक्टर आलाय. कार्ड टेबलावर पालथं पडलंय, आणि बाहेर वारा चढतोय.