माझे नाव डब्ल्यू-टू होते

मित्रांनो, मी एक जुना रकाना आहे. वहीतला नव्हे, मुलांच्या रुग्णालयातल्या संगणकाच्या प्रोग्रामचा. माझा जन्म घाईत झाला. तेव्हाच्या प्रोग्रामरने मुलांच्या वजनासाठी दोन रकाने केले आणि 'वेट'च्या डब्ल्यूवरून आमची नावे ठेवली डब्ल्यू-वन आणि डब्ल्यू-टू. माझ्या थोरल्या भावात वजन किलोत असे. माझ्यात तेच वजन पौंडांत, कारण एका जुन्या काट्याला पौंडच समजत. त्यामुळे माझा आकडा दुपटीहून मोठा. हे त्या प्रोग्रामरला तोंडपाठ होते. त्याच्या झटपट कामाचे कौतुक होई, तेव्हा मीही फुशारून जाई.

मग तो दुसरीकडे नोकरीला लागला आणि माझा अर्थ बरोबर घेऊन गेला. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, असे म्हणतात. माझ्या हाती वाळा होता, नावच धड नव्हते.

त्याच्या जागी आलेल्या बाईंना वजनावरून औषधाचे प्रमाण काढायचे होते. त्यांनी चार जणांना विचारले, कुणालाच सांगता येईना. दोन म्हणजे नंतरचे, ताजे वजन असेल, असा अंदाज बांधून त्यांनी मला निवडले. रकान्याला वाचा कुठली?

पहिल्याच दिवशी तापाने फणफणलेली चार वर्षांची मुलगी आली. सिस्टरने पडद्यावरचे प्रमाण पाहून इंजेक्शन भरले, मग शेजारचे वजन वाचले आणि तिचा हात थांबला.

"सकाळपासून हिला कडेवर घेऊन फिरतेय मी," ती म्हणाली. "ही तेहतीस किलोची कशी असेल?"

तिने मुलीला किलोच्या नव्या काट्यावर उभे केले. पंधरा किलो. भरलेले औषध तिने टाकून दिले, मुलीच्या आईला सगळे खरे सांगितले आणि योग्य तेवढे औषध दिले. संध्याकाळी ताप उतरला, पोरगी खायला मागू लागली. धावत आलेल्या प्रोग्रामर बाई तोवर खाटेशेजारीच बसून होत्या. आता कुठे त्यांच्या जिवात जीव आला. चूक माझीच, असे त्या म्हणाल्या.

"अंदाज चुकला, खरंय," सिस्टर म्हणाली. "पण त्या नावानं तरी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

आता मला पुसून टाकतील, या भीतीने माझी गाळण उडाली होती. पण जुन्या नोंदी माझ्यात होत्या, म्हणून मी वाचलो. दोन दिवस खपून बाईंनी एकशे चौदा ठिकाणी आमची नावे बदलली. भाऊ झाला 'वजन_किलो', मी 'वजन_पौंड'. औषधाचा हिशेब भावाकडे गेला. मित्रांनो, माझ्या डोक्यावरचे केवढे ओझे उतरले म्हणून सांगू!

तेव्हा एवढेच मागणे आहे. कशालाही नाव ठेवाल, ते नीट ठेवा. म्हणजे मागून येणारा माणूस तुम्हाला नावे ठेवणार नाही.