फुकटच्या रसाची परीक्षा

जहाजावरचा पहिला घोट घेतला आणि मी अवाक् झाले. संत्र्याचा रस म्हणे! चहा, कॉफी, सरबतं, फळांचे रस, सगळं तिकिटातच, हवं तेवढं प्या, असं पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं. फुकट आहे म्हणून काय लोकांना साखरपाणी पाजायचं? मी पेला खिडकीच्या उजेडात धरला. रंग झकास, नजर लागेल असा. चव मात्र नुसती गोड आणि आंबट, बस्स. संत्र्याचा मागमूस नाही.

"अहो, चाखून बघा जरा," मी ह्यांना म्हटलं.

ह्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा, आणि माझ्याकडे बघत राहिले. "बरा आहे की."

"बरा? ह्याला बरा म्हणता?"

"तुला नको असेल तर चहा घे ना."

चहाही घेतला. तपकिरी गरम पाणी! कॉफी घेतली, ती नुसती कडू. अननसाचा रस घेतला, तर तो संत्र्याचाच जुळा भाऊ, फक्त पिवळा. एवढं मोठं बारा मजली जहाज, झुंबरं काय, गालिचे काय, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांत अशी धूळफेक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता मी कोणी ऐरीगैरी बाई नाही, हे आधीच सांगते. सव्वीस वर्षं सरबताच्या कारखान्यात चव तपासायचं काम करते. टाकीतलं सरबत बाटलीत जाण्याआधी माझ्या जिभेवरून जातं. मी मान हलवली तर माल पुढे, नाही हलवली तर टाकी रिकामी. साखर मोजायला यंत्र आहे, पण फळाचा वास, त्याचा स्वाद कुठलं यंत्र मोजणार? मालकांना मधुमेह, ते चाखत नाहीत. त्यामुळे माझा शब्द शेवटचा. कारखान्यात मला पाठीमागे जीभबाई म्हणतात, ते मला ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतंसुद्धा.

ह्या सहलीला मी मुळात निघणारच नव्हते. कारखान्यात नको ते घडलं होतं. गेले दोन महिने टाक्या फिक्या येत होत्या. यंत्रावर साखर बरोबर, आंबटपणा बरोबर, पण स्वादाच्या नावानं बोंब. स्वाद येतो अर्कातून, आणि अर्क फार महाग असतो. त्याच्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे, आमच्या पाकवाल्यांकडे. साखरेचा पाक उकळायचा, त्यात मापानं अर्क घालायचा, हे त्यांचं काम. माझ्याआधी पाच वर्षं ते लागलेले. पहिली टाकी मी परत पाठवली तेव्हा ते म्हणाले, "बाई, माप तेच आहे, उद्या पुन्हा बघू." चौथ्या टाकीला म्हणाले, "एकदा परत चाखता का?" मी परत चाखली. फिकीच. बाटल्या भरणाऱ्या दोघी हळूच म्हणाल्या, "चांगलं लागतंय की." मी त्यांच्याकडे असं बघितलं की पुन्हा त्यांनी ब्र काढला नाही.

नऊ टाक्या फेकल्यावर मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी सरळ सांगून टाकलं. अर्क कपाटातून निघतो आणि टाकीत पडत नाही, म्हणजे कुठे जातो ते तुम्हीच ओळखा. ह्याहून वेगळं कारण मला दिसतच नव्हतं. मालकांनी पाकवाल्यांना घरी बसवलं. सोमवारी कायमचा निकाल होता. एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस सन्मानानं घरी जाणार की चोर म्हणून, एवढंच ठरायचं होतं, आणि ते ठरणार होतं माझ्या शब्दावर. निघताना मालकांनी विचारलं होतं, "बाई, नक्की ना? तुम्ही ठाम असाल तरच मी सही करतो." मी म्हटलं, "शंभर टक्के."

आणि त्याच सोमवारी सकाळी मी ह्या जहाजाच्या नाश्त्याच्या हॉलमध्ये तिसऱ्या दिवशीही तेच साखरपाणी पीत बसले होते. वाटलं, जिकडेतिकडे हेच चाललंय. आमच्या दूधवाल्याला मी गेल्याच महिन्यात बंद केलं, चहाची पूड तीनदा बदलली, साबणवाल्या कंपनीला तर पत्रच लिहिलं, की तुमच्या वड्यांना पूर्वीसारखा सुवास राहिला नाही. जग सगळं पाण्यात बुडालंय आणि कोणी बोलायला तयार नाही!

मी उठले. ह्यांनी माझं मनगट धरलं. "अगं, जाऊ दे ना. सुट्टीवर आलोय."

"तुम्ही बसा," म्हटलं, आणि तडक रसाच्या काउंटरवर गेले.

तिथला प्रमुख चाळिशीचा, टाय लावलेला, हसतमुख. माझं सगळं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, फुकटचा रस डब्यातला असतो हे कबूल. ताज्या फळांचा हवा असेल तर पलीकडच्या बारमध्ये मिळतो, त्याचे पैसे पडतात. पण डब्यातलाही चांगल्या दर्जाचा आहे, त्यात आम्ही पाणी घालत नाही."

"घालत नाही? परीक्षा होऊन जाऊ दे मग," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढतोच. चार माणसं पेले घेऊन थांबली, मग आठ झाली.

आमच्या धंद्यात एक जुनी पद्धत आहे. तीन पेले ठेवायचे. दोघांत एकच पेय, तिसऱ्यात वेगळं. डोळे मिटून चाखायचं आणि वेगळा ओळखायचा. आम्ही त्याला दोन सख्खे, एक सावत्र असं म्हणतो. नव्या माणसाला कामावर घेताना मी हीच परीक्षा घेते आणि दहातल्या नऊ जणांना घरी पाठवते.

मी टायवाल्याला म्हटलं, "दोन पेल्यांत हा तुमचा फुकटचा, एकात तो पलीकडचा ताजा. संत्री इथे सगळ्यांसमोर पिळायची. गाळण्यातून गाळायचा, उद्या कोणी म्हणायला नको की बाईंनी गरावरून ओळखला. थंडपणा सारखा, पेले सारखे. मी सावत्र पेला ओळखून दाखवते, आणि मग ह्या मंडळींनाच चाखायला देते, म्हणजे कळेल फुकटाच्या नावाखाली काय पाजताय ते!"

लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी तर मला खुर्ची आणून दिली. टायवाला बिचारा घामाघूम झाला, पण मागे हटला नाही. संत्री आली, सुरी आली. त्यानं पिळली, गाळली, तिन्ही पेले बर्फात ठेवून सारखे थंड केले. मी डोळ्यांवर रुमाल बांधला.

पहिला घोट. गोड, आंबट. मध्ये पाण्यानं चूळ भरली. दुसरा. गोड, आंबट. चूळ. तिसरा.

मी रुमाल ओढून काढला आणि ओरडले, "हा काय चावटपणा आहे? तिन्ही एकच आहेत! ताजा घातलाच नाही तुम्ही!"

टाळ्या वाजल्या नाहीत. मी लोकांकडे बघितलं, तर सगळे माझ्याकडे वेड्यासारखे बघत होते. खुर्ची देणारे आजोबा हळू आवाजात म्हणाले, "अहो बाई, आमच्यासमोर पिळला की त्यानं. इथवर घमघमाट येतोय."

"कसला घमघमाट?"

एका बाईंनी मधला पेला उचलला, घोट घेतला आणि म्हणाल्या, "हा ताजा. लगेच कळतंय." त्यांच्या हातातून आजोबांनी घेतला. "हो, हाच." शाळकरी वयाच्या एका मुलीनंही तोच दाखवला. माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. हे सगळे त्याला सामील आहेत, असंसुद्धा क्षणभर वाटलं मला! एवढी मी स्वतःला शहाणी समजत होते.

टायवाल्याचा चेहरा मात्र बदलला होता. हसू गेलं होतं. तो वाकून अगदी हळू म्हणाला, "मॅडम, सर्दी झालीय का?"

"अजिबात नाही. नाक माझं साफ आहे."

"एकदा डोळे मिटता?"

मिटले. त्याला खोटं पाडायचंच होतं मला. झाकण फिरवल्याचा आवाज आला, नाकाखाली काहीतरी धरल्याचं जाणवलं.

"घ्या श्वास. कशाचा वास येतोय?"

मी छाती भरून श्वास घेतला. पुन्हा घेतला. "कशाचाच नाही. रिकामी बरणी आहे ही."

डोळे उघडले. बरणी काठोकाठ भरलेली होती. कॉफीची ताजी दळलेली पूड. नाकाच्या शेंड्याला लागली होती.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मी बरणी त्याच्या हातातून हिसकावली आणि नाक आत खुपसलं. काही नाही. काउंटरवरचं लिंबाचं साल उचलून चुरगाळलं, काही नाही. साबणानं धुतलेले हात हुंगले. काही नाही, काही नाही! सव्वीस वर्षं ज्याच्या जोरावर मी लोकांना कामावर ठेवलं आणि काढलं, ते माझ्यापाशी उरलंच नव्हतं, आणि मला पत्तासुद्धा नव्हता.

"दोन महिन्यांपूर्वी तो ताप आला होता ना तुला," मागून ह्यांचा आवाज आला. केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. "तेव्हापासूनच असणार. गेल्या महिन्यात दूध करपून भांडं काळं पडलं, घरभर धूर झाला. तू तिथेच बसून पेपर वाचत होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो. तू म्हणालीस, माझ्या जिभेवर जळता तुम्ही."

म्हणाले होते मी तसं. शब्द न् शब्द आठवला. आणि त्याच दमात नऊ टाक्या आठवल्या, आणि ते "एकदा परत चाखता का?" त्या टाक्यांत अर्क पुरेपूर होता. कोणी चोरला नव्हता, कोणी थेंबभरही कमी घातला नव्हता.

"वाजले किती?" मी किंचाळलेच. "अहो, वाजले किती? आज सोमवार!"

ह्यांनी जहाजाचं इंटरनेट घेतलं होतं, देव भलं करो त्यांचं. तिथेच, त्या घोळक्यात उभी राहून मी मालकांना फोन लावला. घाईत दोनदा नंबर चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"बाई! सुट्टीतून फोन!" मालक खुशीत होते. "तुमची काळजी मिटली बघा. ते आत्ता समोरच बसलेत, किल्ली परत द्यायला आलेत. स्वतःच लिहून दिलंय, मला वादच घालावा लागला नाही."

"काय लिहून दिलंय?"

"थांबा, वाचतो. 'मी अर्क चोरलेला नाही. पण बाईंची जीभ कधी चुकत नाही. त्या कमी म्हणतात, तर कमी पडतच असणार. वयामुळे माझी नजर गेली असेल आणि माप चुकत असेल. माझ्यामुळे नऊ टाक्या वाया गेल्या, त्याबद्दल क्षमा असावी.' झालं. चोरीचं मी सोडून देतो म्हटलं, वय झालंय त्यांचं. आज घरी पाठवतो."

माझ्या एका शब्दावर त्या माणसानं स्वतःचे हात, स्वतःचे डोळे खोटे ठरवले होते. मी मात्र एकदाही स्वतःवर शंका घेतली नव्हती.

"त्यांना फोन द्या," मी कशीबशी म्हणाले.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पाकवाल्यांचा आवाज, नेहमीचा, जरा खोल गेलेला. "नमस्कार बाई. फार मनस्ताप दिला तुम्हाला. डोळे तपासून घेतो मी आता..."

"गप्प बसा हो!" मी ओरडले. "तुमचे डोळे ठणठणीत आहेत! माप बरोबर होतं, नऊच्या नऊ वेळा बरोबर होतं. मला वास येत नाही, पाकवाले. कसलाच येत नाही, दोन महिने झाले. मी तुम्हाला चोर म्हटलं आणि चूक माझी होती. ते पत्र फाडा. किल्ली देऊ नका. मालकांना सांगा, मी सांगितलंय म्हणून!"

आता ऐकून घ्यायचं म्हणून मी फोन कानाशी घट्ट धरला. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. फोन आपटला असता तरी चाललं असतं.

"कसलाच नाही?" त्यांनी विचारलं. "अरेरे. मग बाई, तुम्हाला जेवण कसं जातं हो?"