पाहुण्यांसाठी आलेलं पाणी

मित्रांनो, ओळख नंतर करून देतो, आधी हिशेब ऐका. पाणी टिकलं, तर गोजरबाईच्या दोन म्हशी उन्हाळ्यात विकाव्या लागणार नव्हत्या. म्हशी राहिल्या, तर दूध राहणार होतं. दूध राहिलं, तर दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायचं कारण उरणार नव्हतं. आणि आई घरी राहिली, की लेक धनश्रीची शाळाही टिकणार होती. एवढं सगळं त्या बाईनं माझ्या तोटीला टांगून ठेवलं होतं.

मी एक जुना नळ आहे. पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर, सिमेंटच्या ओट्यात रोवलेला. परदेशातल्या एका मोठ्या संस्थेनं इथं विहीर खोदली, टाकी बांधली, मला बसवलं आणि माझ्यामागं स्वतःच्या नावाचा फलक लावला. पाणी मी द्यायचो, फोटो त्याचे निघायचे. मी मनाला लावून घेतलं नाही.

पहिला हिवाळा मी भरभरून वाहिलो. बायका माझ्याभोवती भांडायच्या, मलाच हळदीकुंकू लावायच्या. संक्रांत झाली आणि विहिरीनं तळ दाखवला. माझ्या तोंडातून आधी गढूळ धार आली, मग थेंब, मग नुसती हवा. गोजरबाई रोज यायची, मला पिरगाळायची आणि कान लावून ऐकायची.

उन्हाळ्यात निरोप आला, की संस्थेच्या परदेशी बाई काम पाहायला येणार आहेत. पाणी समितीचे अध्यक्ष बजरंगभाऊ हबकले. "कोरडी हीर दाखवली तर म्हनतील, यांना दिल्यालं संबाळता येत न्हाई. परत दारात उभं करनार न्हाईत."

सगळ्यांना पटलं. टँकर मागवून टाकी भरली. मला निळा रंग दिला. ओट्यापुढं रांगोळी काढली. पाहुण्यापुढं रिकामं भांडं ठेवायचं नसतं, एवढी माणुसकी या वस्तीला होतीच.

पाहुणीबाई आल्या. मला सोडलं, मी धो धो वाहिलो. सोबत नगरच्या स्टेलाबाई होत्या. त्या पाहुणीचं बोलणं मराठीत सांगायच्या, आमचं तिला. त्यांनी गोजरबाईला विचारलं, "मावशी, खरं सांगा. रोज येतं पाणी?"

गोजरबाईनं बजरंगभाऊंकडं पाहिलं. "येतं की, बाई. लई येतं."

पाहुणी हसून काही बोलली. स्टेलाबाईंनी सांगितलं, "मॅडम म्हणतात, फार छान! ज्या विहिरी आटल्यात, त्या आणखी खोल करून द्यायला आम्ही फिरतोय. तुमच्याकडं आता काही करायला नको."

माणसांची तोंडं उतरली. टाळ्या मात्र वाजल्या, कारण त्या ठरलेल्या होत्या.

गाडी निघाली तशी गोजरबाई मागं पळाली. काचेवर हात मारून ओरडली, "थांबा, बाई! हीर कोरडीठाक हाय आमची. ते पानी टँकरचं हुतं!"

काच खाली आली. आता खोटं उघडं पडणार, म्हणून बजरंगभाऊ धावत आले आणि मोठ्यांदा हसले. "वैनीला दुसरा नळ पायजे, बाई. सवताच्या दारात!"

गर्दी हसली. स्टेलाबाईही हसल्या. "मावशी, एक मिळालाय ना? दुसऱ्या गावांनाही मिळू दे की."

"माज्या लेकीची शपत, बाई..."

काच वर गेली.

संध्याकाळपर्यंत टाकी संपली. महिन्याभरात म्हशी बाजारात गेल्या. दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक वस्तीवर येऊन थांबला. आईबाप फडात ऊस तोडणार, म्हणजे तान्ह्या भावाला कोणीतरी सांभाळायला हवं. धनश्रीचं नाव घ्यायचीही गरज पडली नाही. ती आपणच उठली.

निघण्याआधी ती माझ्याकडं आली. मला सोडलं, आईसारखाच कान लावला. मग दोन्ही हातांनी मला घट्ट बंद केलं. "उघडा राह्यला तर वाया जाईल," स्वतःशीच म्हणाली. शाळेत तसं शिकवलं होतं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझा रंग अजून चांगला आहे. देणाऱ्यांनो, एकदा न कळवता या, आणि पळत आलेल्या बाईचं ऐकून घ्या. घेणाऱ्यांनो, कोरडं असेल ते कोरडंच दाखवा.

हिशेब मिटवतो. संस्थेला फोटो मिळाला. बजरंगभाऊंना शाल-नारळ मिळाला. वस्तीचं नाक राहिलं. मला रंग मिळाला. आणि या सगळ्याची किंमत भरणारी पोर भावाला मांडीवर घेऊन ट्रकमध्ये, कोयत्यांच्या गठ्ठ्याशेजारी बसली.