जोडीदाराचं निवेदन

लॅपटॉपच्या पडद्यावरच्या बाई बालाजीला खोलीबाहेर जायला सांगत होत्या, आणि ते कळूनही बालाजीचा पाय काही निघत नव्हता. शेवटी मीच म्हणालो, "ओसरीत बस जरा. दार ओढून घे." तो गेला. खोलीत राहिलो मी आणि त्याची बायको पुनम. बाई फिलिपिन्समधून बोलत होत्या आणि त्यांना पुनमशीच बोलायचं होतं.

मी व्यंकटराव. हिंगोलीत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, पण गावाने मला निवृत्त होऊ दिलं नाही. कुणाच्या घरी इंग्रजी कागद आला की तो माझ्या दारात येतो. मी कुरकुर करत लिहून देतो, आणि आठवडाभर कुणी फिरकलं नाही तर बेचैनही होतो. बालाजी राठोड माझा विद्यार्थी, कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरचा. त्याच्या वडिलांच्या, फुलसिंगांच्या काळापासून त्यांचं घर ख्रिस्ती आहे. सात वर्षांपूर्वी त्याने शाळेतली नोकरी सोडली आणि तांड्यावर पत्र्याच्या शेडमध्ये चर्च सुरू केलं. पन्नासेक माणसं येतात. घर चालतं पुनमच्या पगारावर. ती आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे.

लोक प्रश्न विचारतात आणि आपल्याला उत्तरं येत नाहीत, हे बालाजीला खुपत होतं. म्हणून त्याने फिलिपिन्समधल्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करायचं ठरवलं. शिष्यवृत्ती मिळणार होती, पण ती एकट्याची होती, कुटुंब न्यायची सोय त्यात नव्हती. मी दर सोमवारी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाणारा माणूस. पण पोरगं शिकायला निघालंय म्हटल्यावर देव कुठला, हे मी विचारत नाही. महिनाभर आम्ही दोघं त्या अर्जामागे लागलो होतो. बाप्तिस्म्याचा दाखला, शिफारसपत्रं, विश्वासात कसा आलो त्याची हकीकत, सगळं जमवलं.

त्यात एक पान होतं जोडीदाराच्या निवेदनाचं. पत्नीने स्वतःच्या शब्दांत लिहायचं, नवऱ्याच्या या निर्णयाबद्दल तिला काय वाटतं. असं पान भरायची आमच्याकडे पद्धत ठरलेली आहे. नवरा मजकूर सांगतो, मी त्याचं इंग्रजी करतो, बायको सही करते. माझ्या बायकोच्या, अनुसूयेच्या नावाची पत्रंही मी जन्मभर अशीच लिहिली. तेव्हा 'अत्यंत आनंदाने आणि पूर्ण संमतीने' अशी झकास सुरुवात करून मी पानभर मजकूर पाडला. पुनमने तो उपकेंद्रात, दोन इंजेक्शनांच्या मध्ये, न वाचता सही करून दिला. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण तिकडे वाचणाऱ्यांनी अर्ज आणि निवेदन शेजारी ठेवलं असणार. दोन्हीकडे माझीच ठेवणीतली वाक्यं होती. पत्नीशी एकटीशी बोलायचं आहे, दुभाषा घरचा नको, असा निरोप आला.

म्हणून ती दोघं आज माझ्याकडे आली होती. वाटेत बालाजीने तिला उत्तरं पढवली असावीत, कारण ती येऊन बसली तेव्हा त्याचेच ओठ हलत होते. पुनम पांढऱ्या साडीतच होती, ड्यूटीवरून तशीच आलेली.

बाईंनी आधी तिचं काम विचारलं, मुलगी कितवीत आहे ते विचारलं. मग शांतपणे म्हणाल्या, तुमचे पती तीन वर्षं दूर राहतील, त्याला तुमची मनापासून तयारी आहे का?

मी प्रश्न मराठीत सांगितला. पुनमने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"न्हाई," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंच न्हाई. त्या कागदावर सही माझी हाय, बोलणं माझं न्हाई."

दाराबाहेर बालाजी बसलेला, महिनाभराची मेहनत पणाला लागलेली, आणि माझ्या हातात फक्त एक वाक्य. मी पडद्याकडे बघून इंग्रजीत म्हणालो, त्या म्हणतात की कठीण जाईल, पण त्यांनी सगळं देवावर सोपवलं आहे.

बाईंनी मान हलवली. पुनम मात्र माझ्याकडे बघत राहिली. नर्सिंगचं पुस्तक इंग्रजीतून वाचून पास झालेली ही बाई, हे मी साफ विसरलो होतो.

"सर," ती हळूच म्हणाली, "देवाचं नाव मी घेतलंच न्हाई. मी म्हणले तेच सांगा."

एकतीस वर्षांत विद्यार्थ्यांनी माझ्या चुका काढल्या आहेत, पण इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. मी बाईंची माफी मागितली आणि पुनम जे बोलली होती ते शब्दाला शब्द सांगितलं. पहिलं निवेदन मी लिहिलं होतं, हेही सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. पुनमने आपल्या भाषेत, आपल्या हाताने लिहावं, हवा तेवढा वेळ घ्यावा, तोवर अर्ज थांबेल, एवढं त्या म्हणाल्या. त्यातला 'नो' सुद्धा आम्हाला चालेल, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

अनुसूया चहा घेऊन आली. ती स्वयंपाकघरात सगळं ऐकत होती. एरवी पहिला कप माझा असतो. त्या दिवशी तो पुनमला मिळाला. बालाजी आत आला आणि आमच्या तोंडांकडे बघू लागला. पुनमने बशी खाली ठेवली. "मी खरं ते सांगितलं," ती त्याला म्हणाली. दोघं मोटरसायकलवरून तांड्याकडे गेली.

पुढचे बारा दिवस काही कळलं नाही. मी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. माझ्या मनात बालाजी जावा असंच होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. वर्गात शेवटच्या बाकावर बसून शब्दकोश वाचणारं हे एकच पोरगं मला मिळालं होतं.

तेराव्या दिवशी तो आला, एकटाच. प्लॅस्टिकच्या फाइलमधून त्याने वहीचा एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "पुनमनं लिहिलंय. इंग्रजी करून पाठवायचं हाय."

उपकेंद्रातल्या नोंदवह्या भरून भरून घडलेलं सरळ, टोकदार अक्षर होतं.

'मी पुनम बालाजी राठोड. माझे पती चांगले आहेत. त्यांना शिकायची आवड आहे. ते शिकले तर आमच्या चर्चचं भलं होईल, हे मला मान्य आहे. पण मी राजी नाही. सासरे अंथरुणाला खिळले आहेत. मुलगी आरोही आठवीत आहे. सात वर्षं ते सभांना गावोगाव जातात आणि घर मी बघते. अजून तीन वर्षंही बघू शकते. जमणार नाही असं नाही. मला बघायचं नाही. मला ते घरी पाहिजेत. पुनम.'

मी ते दोनदा वाचलं. मग माझी जुनी खोड वर आली. शेवटचं जरा सौम्य करता येईल, 'सध्या' असा एक शब्द टाकता येईल, असं मी पुटपुटलो.

"न्हाई सर. हाय तसं करा."

भांडण झालं का, म्हणून मी विचारलं. नव्हतं झालं. रविवारी चर्चमधली भक्ती आटोपल्यावर तिने स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्यानेच लिहिलं आणि कागद त्याच्या हातात दिला. पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, म्हणाली, आणि फुलसिंगांचं अंग पुसायला गेली. चार दिवस तो कागद त्याने खिशात वागवला.

"फाडला असता तर कुणाला कळणार होतं?" मी म्हणालो. मला ते म्हणायला नको होतं.

बालाजीने कागदाची घडी हाताने सरळ केली. "हा कागद फाडून तिकडं गेलो, तर तिथं शिकायचं काय सर?"

मी लिहायला बसलो. वाक्यं सोपी होती, पण प्रत्येक वाक्य मी दोनदा तपासलं. लिहून झाल्यावर मी त्याला इंग्रजी वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्याने थांबवलं. 'जमणार नाही असं नाही' हे नीट आलंय ना, ते परत विचारलं. आलं होतं. पाठवायचं बटण दाबायला मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्याने ते दाबलं, आणि पत्र गेल्याचं पडद्यावर येईपर्यंत तो तसाच बसून राहिला.

मग मूळ कागद त्याने परत मागून घेतला. पदवीचं प्रमाणपत्र, बाप्तिस्म्याचा दाखला, शिफारसपत्रं, सगळी त्या फाइलमध्ये होती. त्याने तो कागद त्या सगळ्यांच्या वर ठेवला.

"निघतो सर," तो म्हणाला. "आज बापूचं अंग पुसायचं मी करणार, असं तिला सांगून आलोय."